पुण्यासाठी तिथी स्वतः काढा: एक स्प्रेडशीट, चंद्राची सहा पदे आणि धर्मशास्त्राचा नियम

भिंतीवरचे कॅलेंडर एक सांगते, मोबाइलमधले पंचांग दुसरेच, आणि गुरुजींच्या हातातले तिसरे. मग घरात दोन तट पडतात: एक म्हणतो "सगळं थोतांड आहे", दुसरा म्हणतो "विज्ञानाला यातलं काय कळतंय". दोघेही चुकतात, कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले असतात. अमुक क्षणी कोणती तिथी चालू आहे, हा खगोलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकच असते आणि शाळेतली त्रिकोणमिती आठवणाऱ्या कुणालाही ते पडताळता येते. त्या तिथीचे व्रत आज करायचे की उद्या, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नियमातून येते. पहिले गणित स्वतः केले की दुसऱ्या प्रश्नावरचा बराचसा वाद निवळतो. त्यासाठी एक स्प्रेडशीट आणि दोन तासांचा निवांत वेळ पुरे.

तिथी म्हणजे काय

पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्यापासून क्रांतिवृत्तावर (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेवर) किती अंश पुढे गेला आहे, ते अंतर घ्यायचे. अमावास्येच्या क्षणी ते ० असते, पौर्णिमेच्या क्षणी १८०. दर १२ अंशांना एक तिथी, म्हणून महिन्याच्या ३०. अंतराला १२ ने भागून पूर्णांक घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. १ ते १५ शुद्ध पक्ष, १६ ते ३० वद्य. १५ म्हणजे पौर्णिमा, ३० म्हणजे अमावास्या.

सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची असते. पण चंद्राचा वेग सारखा नसल्याने ती सुमारे २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत लहानमोठी होते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली तर तिचा क्षय, दोन सूर्योदयांना पुरली तर वृद्धी. यात गूढ काही नाही.

शीटची मांडणी

वरच्या ओळीत ठिकाण लिहा: पुणे, अक्षांश १८.५२ उत्तर, रेखांश ७३.८६ पूर्व. खाली एका रकान्यात तारीख आणि वेळ, भारतीय प्रमाणवेळेनुसार. शेजारच्या रकान्यात "द" काढा, म्हणजे १ जानेवारी २००० च्या ग्रीनिच दुपारपासून गेलेले दिवस, अपूर्णांकासह. स्प्रेडशीट तारखेला आतून एका आकड्यात साठवते आणि १ जानेवारी २००० चा आकडा ३६५२६ आहे. त्यात ग्रीनिच दुपारचा अर्धा दिवस आणि आपल्या साडेपाच तासांचा ०.२२९१७ दिवस मिळवा. म्हणून:

द = तारीख-वेळेचा आकडा − ३६५२६.७२९१७

आता पाच मूळ राशी, म्हणजे आकडे, सगळ्या अंशांत. भोग म्हणजे क्रांतिवृत्तावरचे स्थान, मंदकेंद्र म्हणजे कक्षेतल्या सर्वांत जवळच्या बिंदूपासूनचे सरासरी अंतर, आणि पात म्हणजे चंद्राची वाट क्रांतिवृत्ताला छेदते तो बिंदू. प्रत्येकीला ३६० ने भागून बाकी घ्या:

र (सूर्याचा मध्यम भोग) = २८०.४६० + ०.९८५६४७४ × द
क (सूर्याचे मंदकेंद्र) = ३५७.५२८ + ०.९८५६००३ × द
च (चंद्राचा मध्यम भोग) = २१८.३१६ + १३.१७६३९६ × द
म (चंद्राचे मंदकेंद्र) = १३४.९६३ + १३.०६४९९३ × द
प (चंद्राचे पातापासून अंतर) = ९३.२७२ + १३.२२९३५० × द

सहावी राशी यांतूनच निघते: अ = च − र.

स्पष्ट सूर्य = र + १.९१५ ज्या(क) + ०.०२० ज्या(२क)

स्पष्ट चंद्र = च + ६.२८९ ज्या(म) + १.२७४ ज्या(२अ − म) + ०.६५८ ज्या(२अ) + ०.२१४ ज्या(२म) − ०.१८५ ज्या(क) − ०.११४ ज्या(२प)

ज्या म्हणजे साइन. शीटमध्ये साइनच्या आत रेडियन्स हे फंक्शन घालायलाच हवे, कारण साइनला अंश कळत नाहीत.

दशांशस्थळे कापू नका. १३.१७६३९६ ऐवजी १३.१७६ लिहिले तर २००० साली काहीच कळत नाही, पण २०२५ पर्यंत चंद्र ३.७ अंश मागे पडतो आणि तिथी संपण्याची वेळ सात तासांहून जास्त चुकते. दिवसांचा आकडा नऊ हजारांवर गेल्यावर सहाव्या स्थळालाही वजन येते.

ही सहा पदे कुठून आली

या भागावर थोडे थांबायला हवे, कारण जुन्या-नव्या पंचांगांचा सगळा झगडा दुसऱ्या पदात दडलेला आहे.

पहिले पद, ६.२८९ चे, चंद्राची कक्षा लंबवर्तुळ असल्यामुळे येते: जवळ असताना चंद्र वेगात जातो, लांब असताना रेंगाळतो. दुसरे १.२७४ चे पद सूर्याच्या ओढीमुळे येते. सूर्य चंद्राच्या कक्षेला कधी जास्त लांबट करतो, कधी कमी. आता दोन्ही पदे एकत्र पाहा. अमावास्येला किंवा पौर्णिमेला २अ शून्य अथवा ३६० असतो. मग ज्या(२अ − म) म्हणजे उणे ज्या(म), आणि दोन पदांची बेरीज होते ६.२८९ − १.२७४ = ५.०१५. अष्टमीच्या सुमारास २अ असतो १८०. तिथे दुसरे पद पहिल्याला साथ देते आणि बेरीज ७.५६३ होते.

सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या परंपरेत चंद्राचे परम मंदफल (मध्यम स्थानात करायची कमाल दुरुस्ती) सुमारे ५ अंशांचे आहे. हा आकडा कुठून आला ते लगेच दिसते. त्या गणित्यांची कसोटी ग्रहणे होती, आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. तिथे ५ अंश अगदी बरोबर बसतात. अष्टमीला मात्र त्याच गणितात अडीच अंशांपर्यंत, म्हणजे पाच तासांपर्यंत, फरक पडतो. "बाणवृद्धी रसक्षय" हे जुने सूत्रही यातूनच येते: ६० घटिकांची (एक घटिका म्हणजे २४ मिनिटे) तिथी फार तर ५ घटिका वाढते आणि ६ घटिका घटते. प्रत्यक्ष आकाशात ती ७ घटिका वाढू शकते आणि १० घटू शकते.

म्हणून जुन्या ग्रंथकारांना अडाणी म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. त्यांनी जे दिसले ते मोजले आणि जे मोजले ते आकड्यात बांधले. महाराष्ट्रात शतकानुशतके ज्यावर पंचांगे चालली त्या ग्रहलाघवाच्या कर्त्याने, गणेश दैवज्ञाने, १५२० च्या सुमारास ज्या-कोष्टके टाळून चालेल असे सोपे गणित बसवले आणि तेही आकाशाशी जुळवून. त्यांचा आदर करायचा तर त्यांची रीत उचलायला हवी: आकाश पाहा, आकडा तपासा, चुकला तर बदला. पाचशे वर्षांपूर्वीचा आकडा तसाच धरून बसणे हा त्यांचा आदर नव्हे.

एक उदाहरण सोडवून

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. वेळ सकाळी ६:२०, पुण्याच्या सूर्योदयाच्या लगेच नंतरची. तुमच्या शीटमध्ये हे आकडे यायला हवेत:

द = ९३६९.५३४७
र = १५५.५१८, क = २३२.१४४, सूर्याचा संस्कार (दुरुस्ती) −१.४९३, स्पष्ट सूर्य = १५४.०२५
च = १९५.०१६, म = १४७.८६८, प = २०६.१२६, अ = ३९.४९८
चंद्राची सहा पदे क्रमाने: +३.३४५, −१.१८८, +०.६४६, −०.१९३, +०.१४६, −०.०९०
स्पष्ट चंद्र = १९७.६८
अंतर = ४३.६६

४३.६६ ला १२ ने भागले की ३.६४. पूर्णांक ३, अधिक १: चतुर्थी. शेवटच्या दशांशात एखाद्याचा फरक दिसला तर सोडून द्या. दुसऱ्या दशांशात दिसला तर एखादा आकडा उतरवताना चुकला आहे.

चतुर्थी संपते केव्हा? ४८ अंशांना. अजून ४.३४ अंश बाकी. २८ ऑगस्टला सकाळी ६:२० चे अंतर काढा, ते ५४.७३ येईल. म्हणजे त्या दिवसाची गती ११.०७ अंश. ४.३४ भागिले ११.०७ म्हणजे ०.३९२ दिवस, सुमारे ९ तास २५ मिनिटे. ६:२० मध्ये मिळवले की दुपारचे पावणेचार. छापील पंचांगेही चतुर्थीची समाप्ती पावणेचारच्याच सुमाराला देतात. आणखी नेमके हवे असेल तर ३:४५ ही वेळच पुन्हा शीटमध्ये घाला, अंतर ४८ पेक्षा किती कमी-जास्त येते पाहा, आणि तेवढे सरकवा. दोन फेऱ्यांत उत्तर स्थिर होते.

ग्रहणावर घासून पाहा

एका उदाहरणात पावणेचार आले म्हणून शीट खरे ठरत नाही. तिथे उरलेली पदे एकमेकांना खाऊन गेली असू शकतात. खरी कसोटी ग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पुण्यातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. पौर्णिमेचा क्षण होता रात्री ११:३९. ही वेळ घातली की अंतर बरोबर १८० यायला हवे. सहा पदांनी येते १७९.८७, म्हणजे सुमारे १३ मिनिटांची चूक.

आता आणखी सात पदे चंद्रात मिळवा:

+ ०.०५९ ज्या(२अ − २म) + ०.०५७ ज्या(२अ − क − म) + ०.०५३ ज्या(२अ + म) + ०.०४६ ज्या(२अ − क) − ०.०४१ ज्या(क − म) − ०.०३५ ज्या(अ) − ०.०३० ज्या(क + म)

आता १७९.९६. चूक चार-पाच मिनिटांवर आली. ०.१ अंश म्हणजे साधारण १२ मिनिटे, हे प्रमाण डोक्यात ठेवा. सहा पदांचे शीट वाईटात वाईट वेळी अर्धा तास चुकू शकते, तेरा पदांचे बहुधा पाच-दहा मिनिटांत राहते. घरगुती पडताळणीला तेरा पुरतात. तिथी मध्यान्हाच्या किंवा सूर्योदयाच्या अगदी कडेला संपत असेल तिथे मात्र आपल्या शीटवरून पंचांगकर्त्याला चूक ठरवू नका.

नुसत्या डोळ्यांनीही एक खूण तपासता येते. चंद्र बरोबर अर्धा दिसतो तेव्हा अंतर ९० असते, म्हणजे अष्टमी निम्मी झालेली असते. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी चंद्राची प्रकाशाची कड सरळ आहे, पोटाकडे फुगली आहे की आत वळली आहे, हे पर्वतीच्या पायऱ्यांवर उभे राहूनही कळते.

हमखास होणाऱ्या चुका

तारखेचा क्रम. शीटची भाषा अमेरिकन असेल तर ६/९/२०२५ म्हणजे ९ जून धरले जाते. तारीख नेहमी महिन्याच्या नावाने लिहा आणि "द" वर एक नजर टाका.

साडेपाच तास विसरणे. उत्तर दिसायला ठीक येते, पण प्रत्येक तिथी साडेपाच तास आधी संपते. रोजची तिथी बहुतेकदा बरोबरच येत असल्यामुळे ही चूक महिनोन्महिने लपून राहते.

मॅकवरच्या जुन्या एक्सेल फाइल. काहींत दिवस १९०४ पासून मोजलेले असतात आणि "द" १४६२ ने कमी येतो. फाइलच्या सेटिंगमध्ये ही खूण काढता येते.

ऋण अंतर. वद्य पक्षात चंद्राचा भोग सूर्यापेक्षा लहान असू शकतो. वजाबाकीनंतर पुन्हा ३६० ची बाकी घ्या. शीटचे मॉड फंक्शन ऋण आकडा नीट सांभाळते. काही संगणकभाषांमधले सांभाळत नाही.

शीटऐवजी पायथॉनमध्ये स्कायफिल्डसारखी लायब्ररी आणि नासाच्या जेपीएल संस्थेची ग्रहस्थानांची डीई४२१ फाइल वापरणार असाल तर गणित खूपच नेमके होते, पण एक सापळा आहे. निरीक्षक म्हणून पुण्याचे स्थान देऊन चंद्राचा भोग घेऊ नका. पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिले की चंद्र जवळजवळ एक अंशापर्यंत सरकलेला दिसतो आणि तिथी दोन तासांपर्यंत चुकते. पंचांगाची तिथी भूकेंद्रीय असते. सूर्योदय आणि चंद्रोदय मात्र स्थानिकच काढायचे. संकष्टीच्या चंद्रोदयासाठी लायब्ररीच वापरा. त्याला चंद्राचा शर (क्रांतिवृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर) आणि लंबन (पृष्ठभागावरून पाहिल्याने दिसणारे सरकणे) दोन्ही लागतात आणि वरचे शीट तिथे कमी पडते.

पुण्याचा सूर्योदय

प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७३.८६ वर. फरक ८.६४ अंश, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३४.६ मिनिटे. म्हणून पुण्यात सूर्य डोक्यावर सरासरी १२:३५ ला येतो. फेब्रुवारीच्या मध्यात हे १२:४९ पर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ पर्यंत मागे येते. "मध्यान्ह म्हणजे बारा" धरणाऱ्याचा मुहूर्त इथेच अर्धा तास घसरतो.

सूत्रे अशी. क्रांती म्हणजे सूर्याचे विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर, विषुवांश म्हणजे विषुववृत्तावर मोजलेले स्थान, कोज्या म्हणजे कोसाइन. क्रांतीची ज्या = ०.३९७८ × ज्या(स्पष्ट सूर्य). विषुवांश काढायला अॅटन२ फंक्शनमध्ये पहिल्या जागी कोज्या(स्पष्ट सूर्य) आणि दुसऱ्या जागी ०.९१७५ × ज्या(स्पष्ट सूर्य) घाला. शीटमध्ये हा क्रम असा असतो, बहुतेक संगणकभाषांत नेमका उलटा. इथे बरेच जण अडकतात. उत्तर रेडियनमध्ये येते, त्याचे अंश करा. मग:

मध्यान्हाची वेळ, तासांत = १२ + ८.६४ ÷ १५ + (विषुवांश − र) ÷ १५

कंसातला फरक उणे ३६० च्या जवळ आला तर त्यात ३६० मिळवा.

दिनार्धाची (सूर्योदय ते मध्यान्ह, अंशांत) कोज्या = (−०.०१४५४ − ज्या(अक्षांश) × ज्या(क्रांती)) ÷ (कोज्या(अक्षांश) × कोज्या(क्रांती))

−०.०१४५४ म्हणजे उणे ०.८३३ अंशांची ज्या: ३४ कला (६० कला म्हणजे एक अंश) वातावरणाचे वक्रीभवन आणि १६ कला सूर्यबिंबाची त्रिज्या. हे न धरता बिंबाच्या केंद्राचा गणिती उदय घेणारी पंचांगेही आहेत. त्यांचा सूर्योदय पुण्यात साडेतीन मिनिटे उशिरा येतो. ही चूक नव्हे, व्याख्या वेगळी आहे.

२७ ऑगस्ट २०२५ ला क्रांती १०.०३, दिनार्ध ९४.२९ अंश म्हणजे ६ तास १७ मिनिटे, मध्यान्ह १२:३६, म्हणून सूर्योदय ६:१९. राष्ट्रीय पंचांगाशी ताडून पाहताना लक्षात ठेवा, त्याचे मध्यवर्ती ठिकाण ८२ अंश ३० कला पूर्व आणि २३ अंश ११ कला उत्तर असे आहे. तिथल्या सूर्योदयाची वेळ पुण्याला लागू नाही.

आता धर्मशास्त्राकडे

गणित इथे संपते. इथून पुढे नियम: कोणत्या व्रताला तिथी दिवसाच्या कोणत्या भागात हवी. निर्णयसिंधू आणि धर्मसिंधू या ग्रंथांत हे तपशिलाने आले आहे. घरी लागणारे असे: गुढीपाडव्याला प्रतिपदा सूर्योदयाला. गणेश चतुर्थी आणि रामनवमी मध्यान्हाला. श्राद्धाची तिथी अपराह्णात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर लगेच. जन्माष्टमी आणि महाशिवरात्र निशीथकाळी, म्हणजे मध्यरात्री. संकष्टीची चतुर्थी चंद्रोदयाला.

मध्यान्ह म्हणजे एक क्षण नव्हे. सूर्योदय ते सूर्यास्त याचे पाच समान भाग करा: प्रातःकाळ, संगव, मध्यान्ह, अपराह्ण, सायाह्न. ऑगस्टच्या अखेरीस पुण्यात एक भाग सुमारे २ तास ३१ मिनिटांचा होतो, म्हणून मध्यान्ह ११:२१ ते १:५२. आता २६ ऑगस्ट २०२५ पाहा. चतुर्थी त्या दुपारी दोनच्या थोडी आधी लागली, पुण्याचा मध्यान्ह उलटल्यावर. २७ ला संपूर्ण मध्यान्ह चतुर्थीत होता. म्हणून २७. हीच चतुर्थी तासभर आधी लागली असती तर दोन्ही दिवसांचा विचार करावा लागला असता, आणि दोन्ही दिवशी मध्यान्हव्यापिनी असेल तर तृतीयेला लागून असलेली आदल्या दिवशीची घ्यायची असा नियम आहे.

२०२४ च्या दिवाळीत देशभर जो गोंधळ झाला तो या जातीचा होता. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. पुण्यात १ तारखेचा सूर्यास्त ६:०२ चा. म्हणजे ३१ ला संपूर्ण प्रदोषात अमावास्या, १ ला सूर्यास्तानंतर जेमतेम पाव तास. महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी १ तारीख दिली, उत्तरेत अनेकांनी ३१. वेळा कुणाच्याच चुकल्या नव्हत्या. दोन दिवशी प्रदोषाला स्पर्श असेल तर कोणता घ्यावा, या अर्थनिर्णयात फरक होता. तो दुर्बिणीने सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून दुर्बीण किंवा धर्मशास्त्र यांपैकी एक खोटे ठरत नाही.

अधिक महिना आणि महाराष्ट्रातली दोन पंचांगे

तिथीला अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून नक्षत्रचक्राच्या आरंभबिंदूपर्यंतचे अंतर, लागत नाही. सूर्य आणि चंद्र दोघांतून तोच आकडा वजा होतो आणि फरक तसाच राहतो. म्हणून दोन पंचांगांत तिथी संपण्याची वेळ मिनिटामिनिटाला जुळते आणि नक्षत्र मात्र वेगळे दिसते. महिन्याचे नाव नक्षत्रचक्रावर अवलंबून असल्याने तिथे अयनांश लागतोच.

चित्रापक्षाचा (चित्रा ताऱ्यावरून आरंभबिंदू ठरवणाऱ्यांचा) अयनांश = २३.८५ + ०.०१३९७ × (२००० पासून गेलेली वर्षे). दोन लागोपाठच्या अमावास्यांच्या क्षणी स्पष्ट सूर्यातून तो वजा करा आणि ३० ने भागून राशी काढा. दोन्ही वेळी राशी एकच आली, तर मधल्या महिन्यात संक्रांत नाही आणि तो अधिक. २०२६ चे करून पाहा: १७ मे रात्री १:३१ आणि १५ जून सकाळी ८:२४. दुसऱ्या वेळी स्पष्ट सूर्य ८४.०५, अयनांश २४.२२, उरले ५९.८३. साठाला थोडेसे कमी, म्हणून अजून वृषभच. दोन्हीकडे वृषभ, म्हणून अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. संक्रांत साडेचार तास आधी झाली असती तर हा अधिक महिना झालाच नसता.

आता अयनांश ४ अंशांनी कमी धरा. उरतात ६३.८, म्हणजे मिथुन. महिना अधिक राहत नाही. टिळक पंचांग नेमके हेच करते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुण्यात आधुनिक वेधांवरून पंचांगशुद्धीचे काम हाती घेतले तेव्हा रेवतीतला झीटा पिशियम हा तारा आरंभ धरला. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी ती बाजू पुढे नेली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याची बाजू मांडली आणि पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या दिनदर्शिका सुधारणा समितीने चित्रापक्षच घेतला, २१ मार्च १९५६ ला २३ अंश १५ कला. २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, दाते पंचांगात १४-१५ ला. २०२३ साली तर दाते पंचांगाची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि टिळक पंचांगाची एक महिना आधी, २० ऑगस्टला. दोन्ही दिवशी आकाशात चतुर्थीच होती. आरंभबिंदू कोणता, हे निवडीवर आहे. एकदा निवडला की पुढचे गणित कुणाचीच भीड ठेवत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी

तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो. फक्त घड्याळ बदला. सूर्योदय, मध्यान्ह आणि प्रदोष मात्र त्या गावचे काढा: शीटच्या वरच्या ओळीतले अक्षांश, रेखांश आणि प्रमाणवेळेचे रेखांश बदला, आणि उन्हाळी वेळ चालू असेल तर एक तास मिळवायला विसरू नका. न्यूजर्सीत राहणाऱ्या मुलीला २०२५ ची गणेश चतुर्थी कळवायची होती असे धरा. पुण्यात २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या आधी लागलेली चतुर्थी तिच्याकडे २६ लाच पहाटे साडेचारच्या सुमारास लागते आणि २७ ला पहाटे सव्वासहाला संपते. तिचा संपूर्ण मध्यान्ह २६ तारखेला चतुर्थीत आहे, २७ ला मुळीच नाही. म्हणून तिने गणपती २६ ला बसवायचा, पुण्यातल्या घरी २७ ला.